सहा इंच की दोन

ला होया सेका, न्यू मेक्सिको
रविवार, २१ जानेवारी १९९६

ती. स्व. एलिसेओ आतोबा यांस,
सेलेस्तिनाचा शि. सा. न. वि. वि.

तुमच्या लेकीनं, ग्रासिएलानं सांगितलं की हल्ली फोन कानाला लावला तरी तुम्हाला नुसती घरघर ऐकू येते, आणि तुम्ही तरीही हो हो म्हणत राहता. मला या वेळी नुसतं हो हो नको आहे, म्हणून पत्र लिहिते. शांतपणे वाचा.

बाबांना मंगळवार, गुरुवार आणि शनिवार असं तीनदा डायलिसिसला न्यावं लागतं हे तुम्हाला ठाऊक आहे. इथून केंद्र बेचाळीस मैल. त्यातले पहिले सहा मैल आपला मातीचा रस्ता, आणि त्यात तो ओढा. ऑक्टोबरच्या पुरानं ओढ्यातला उतार खरवडून नेला आणि खालचा खडक उघडा पडला, अगदी पायरीसारखा. बाबांचा पिकअप चौऱ्याऐंशी सालचा, जोर फक्त मागच्या चाकांना. तेराव्या तारखेला, शनिवारी, मी त्या पायरीवरून उतरताना इंजिनाचा चेंबर फुटला. सगळं तेल बर्फावर. ते डायलिसिस चुकलं. मंगळवारचंही चुकलं, कारण खाली बर्फ, वर चिखल, आणि कुणाचंच वाहन येईना. बुधवारी सकाळी बाबांना आडवं होता येईना, छातीत पाणी भरलं होतं. शेजारच्या ओनेसिमोनं त्यांना ट्रॅक्टरवर बसवून ओढ्यापलीकडे नेलं, तिथं रुग्णवाहिका थांबली होती. चार दिवस दवाखान्यात काढून काल परत आलो. आता बरे आहेत. पथ्याच्या ताटात बीन्स का नाहीत म्हणून माझ्याशी भांडले, त्यावरून समजा.

रस्त्याच्या कचेरीत गेले होते. उन्हाळ्यात बघू म्हणाले. उन्हाळ्यापर्यंत किती मंगळवार, गुरुवार, शनिवार येतात ते मी त्यांच्या कॅलेंडरवर बोट ठेवून दाखवलं. त्यांनी कॅलेंडर उलटं केलं.

तेव्हा मी ठरवलं आहे की पिकअप उंच करून घ्यायचा. चारही चाकांना जोर असलेली गाडी आपल्या आवाक्यातली नाही. शहरात एक माणूस सहा इंच उंच करून देतो, सगळं सामान तयार पेटीत येतं म्हणे. तुम्ही तीस वर्षं गॅरेज चालवलंत. त्याला काय विचारायचं, काय बघून घ्यायचं, तेवढं सांगा. करू का असं विचारत नाही. कसं करू ते विचारते.

बाबा म्हणतात गाडीला हात लावायचा नाही. कारण सांगत नाहीत. गाडी आहे तशी राहू दे आणि मलाही आहे तसा राहू दे, एवढंच. हे दुसरं वाक्य मला आवडलं नाही.

ग्रासिएलाला आणि मुलींना आशीर्वाद. कळावे. माया आहे ती राहू द्या, उत्तर मात्र लवकर द्या.

तुमची,
सेलेस्तिना


प्वेब्लो, कोलोराडो
२७ जानेवारी १९९६

चि. सेलेस्तिना हिस,
एलिसेओचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. प्रोकोपिओ वाचला हे फार बरं झालं. ओनेसिमोला माझा नमस्कार सांग. त्याचा ट्रॅक्टर मी दोनदा उघडलेला आहे, म्हणून तो चालतो.

आता गाडीचं. करू नकोस.

तू कसं विचारलंस आणि मी नको म्हणतो, म्हणजे तुला वाटेल म्हाताऱ्याला नुसतं ऐकू येईनासं नाही, वाचताही येईनासं झालं. तर ऐक. गाडी उंच केली की खाली हवा वाढते, बाकी काही वाढत नाही. चिखलात चाक फिरतं ते उंची कमी म्हणून नाही, पकड नाही म्हणून. तुझी पुढची दोन चाकं नुसती वळतात, ओढत नाहीत. मागची दोन ढकलतात असं आपण म्हणतो, पण घसरड्यात त्यातलं एकच फिरतं आणि दुसरं गंमत बघत उभं राहतं. सहा इंच उचललीस तरी ते एकच फिरणार, फक्त जास्त उंचीवरून. शिवाय गाडीचा तोल वर जातो, वळणावर ती कलते, ब्रेकचे रबरी पाइप ताणले जातात, पुढच्या चाकांचे कोन बिघडतात. पेटीत सगळं येतं म्हणणाऱ्या माणसाला विचार की त्या पेटीत अक्कल येते का.

आणि तुझा बाप चढणार कसा? त्याला पोत्यासारखा वर टाकणार आहेस का? तो मरेल पण तसा चढणार नाही, तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

तरी तू ऐकणार नाहीस. शाळेच्या स्वयंपाकघरात दोनशे पोरांना वाढून वाढून तुझा आवाज आणि हट्ट दोन्ही वाढले आहेत. म्हणून काम सांगतो. एक, चेंबरखाली जमिनीपासून किती जागा आहे ते मोज. दोन, त्या खडकाची पायरी किती उंच. तीन, सीट जमिनीपासून किती. चार, बापाला भिंतीला धरून उभं कर आणि तो पाय किती उंच उचलू शकतो ते बघ. गाडी मोकळी असताना मोज, आणि अंदाजानं लिहू नकोस.

मला लिहिलंस हे प्रोकोपिओला सांगायची गरज नाही.

कळावे. इथं थंडी फार, गुडघे सोडून सगळं ठीक. लोभ वाढता ठेव, वेग नको.

एलिसेओ


ला होया सेका
मंगळवार, ६ फेब्रुवारी १९९६

ती. स्व. आतोबा यांस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र डायलिसिस केंद्राच्या बाकावर बसून लिहिते. बाबा आत खुर्चीवर आहेत, सुया लागल्या आहेत, डोळे मिटून झोपेचं सोंग चाललं आहे. ओनेसिमोनं नवा चेंबर बसवून दिला. आज ओढा गोठलेला होता म्हणून आलो. बर्फ वितळायला लागलं की येता येणार नाही.

तुमची मापं अशी. चेंबरखाली साडेसात इंच. खडकाची पायरी साडेनऊ. सीट सत्तावीस. बाबांचा उजवा पाय चौदा इंच उचलला जातो, डावा अकरा. तो अकरा मोजताना त्यांनी भिंतीकडे तोंड केलं होतं, मी पट्टी बाजूला ठेवली आणि चुलीवरचं मक्याचं पोसोले ढवळायला गेले.

तुमचं पकडीचं म्हणणं पटलं. पण आतोबा, फुटला तो चेंबर. पकड नंतरची गोष्ट. साडेसात आणि साडेनऊ, यांत भांडायला काही उरत नाही. त्या माणसाकडे सतरा तारीख ठरवली आहे.

आता दुसरं. तुम्ही सांगू नको म्हणालात, पण आपल्या घरात पाकीट टेबलावर राहतं. बाबांनी तुमचं अक्षर ओळखलं. जेवण अर्धं टाकून उठले, बाहेर गेले आणि पिकअपमध्ये जाऊन बसले. थंडीत, टोपीशिवाय, तासभर. मी घोंगडी घेऊन गेले तेव्हा म्हणाले की त्या माणसानं एक गाडी उंच केली आहे, तेवढी पुरे झाली. आणि दार लावून घेतलं.

तुम्ही आणि बाबा बोलत नाही हे मला लहानपणापासून माहीत आहे. आदेलाइदा आत्याच्या अंत्यविधीला तुम्ही दोघं खड्ड्याच्या दोन बाजूंना उभे होतात. मला वाटायचं जमिनीवरून असेल, किंवा मतांवरून. तुम्ही कोणती गाडी उंच केली होती? मी लहान नाही, एकोणचाळीस वर्षांची आहे. सांगा.

कळावे. माझा राग नाही, पण उत्तर आलं नाही तर येईल.

सेलेस्तिना


प्वेब्लो
११ फेब्रुवारी १९९६

चि. सेलेस्तिना हिस अनेक आशीर्वाद.

तू विचारलंस तर सांगतो. ग्रासिएलालाही हे पूर्ण माहीत नव्हतं, पण काल तिला वाचून दाखवलं आणि मगच पाकिटात घालतो आहे.

तुझी आत्या लंगडायची. तुम्हा पोरांना सांगितलं होतं की ती घोड्यावरून पडली. ती घोड्यावर कधी बसलीच नव्हती, तिला घोड्यांची भीती वाटायची.

चौसष्ट सालचा ऑक्टोबर होता. माझ्याकडे पिकअप होता, तुझ्यासारखाच, मागच्या चाकांवर चालणारा. वरच्या जंगलातून सरपण आणताना खाली घासायचा. मी तो उंच केला. पुढं लांब स्प्रिंगा घातल्या, त्या नीट होत्या. मागं स्प्रिंगच्या पाट्यांखाली ठोकळा घालतात. माझ्याकडे हव्या तेवढ्या जाडीचा लोखंडी ठोकळा नव्हता, म्हणून मी ओकच्या लाकडाचे दोन घातले, एकावर एक. लोकांच्या गाडीत मी असं कधीच केलं नसतं. स्वतःची होती. शनिवार होता आणि मला घाई होती. पुढच्या आठवड्यात लोखंडी आणून बदलतो म्हटलं.

सोमवारी मी गॅरेजात होतो. आदेलाइदा सरपण भरून एकटी खाली येत होती. तुमच्या घराच्या वरचं ते वळण, तिथं वरचा ठोकळा सरकला, एक्सल तिरका झाला आणि गाडी उलटली. तिला बाहेर काढलं प्रोकोपिओनं. आवाज ऐकून तो शेतातून धावत गेला होता. तिच्या कमरेचं हाड तीन ठिकाणी मोडलं. तो ठोकळा रस्त्यात पडलेला त्यानं उचलला आणि दवाखान्यात माझ्या हातात दिला. ती जगेल, पण तू आणि मी संपलो, असं म्हणाला. त्याचं काही चुकलं नव्हतं. सख्खी बहीण होती त्याची.

तिनं मला एकदाही बोल लावला नाही. पोरांना सांगायचं नाही हे तिनंच ठरवलं. म्हणाली, गावात तुझ्याशिवाय मेकॅनिक नाही, लोकांचा विश्वास उडाला तर खायचं काय. पंधरा वर्षं ती तशीच चालली, आणि मी तिच्यामागून चाललो, म्हणजे तिला माझं तोंड दिसू नये.

तर गाडी उंच केल्यानं काय होतं हे मी पुस्तकातून सांगत नाही. पण तुझं पत्र वाचून दोन रात्री विचार केला आणि मला एक कबूल करावं लागतं. चूक उंचीची नव्हती. चूक माझ्या हातांची होती. तुझे साडेसात आणि साडेनऊ खरे आहेत. चेंबर पुन्हा फुटेल आणि पुढच्या वेळी ओनेसिमो घरी नसेल.

म्हणून असं. सहा इंच नाहीत, दोन. पुढं जाड स्प्रिंगा, मागं ठोकळा अजिबात नाही, पाट्यांतच एक पाटा वाढवायचा. एक माप मोठे टायर, त्यांनी आणखी एक इंच मिळतो. चेंबरखाली जाड पत्रा. आणि मागच्या एक्सलमध्ये लॉक, म्हणजे दोन्ही चाकं एकदम फिरतील. खरा उपयोग त्याचा, उंचीचा नाही. लॉक मी इथल्या भंगारातून काढून ठेवलं आहे. दाराखाली तेरा इंचांवर पायरी, तुझ्या बापाच्या उजव्या पायासाठी, आणि दाराशेजारच्या खांबाला धरायला दांडा.

हे काम त्या पेटीवाल्याला देऊ नकोस. मी करीन. माझे हात अजून चांगले आहेत. प्रोकोपिओ मला फाटकातून आत घेणार नसेल तर ओनेसिमोच्या गोठ्यात करीन.

कळावे. यानंतर लोभ ठेवायचा की नाही ते तू ठरव.

एलिसेओ


ला होया सेका
शुक्रवार, १६ फेब्रुवारी १९९६

ती. स्व. आतोबा यांस,
शि. सा. न. वि. वि.

पेटीवाल्याला नाही म्हणून कळवलं.

तुमचं पत्र वाचून मी शाळेत गेले, दोनशे टॉर्तिया भाजल्या, आणि एकाशीही बोलले नाही. राग आला. तुमचा आला, बाबांचा आला, आत्याचाही आला. मी तिच्या मांडीवर बसून तिला विचारायची की घोड्याचं नाव काय होतं, आणि ती दर वेळी वेगळं नाव सांगायची. आम्ही हसायचो. ते आठवलं की कुणावर रागवायचं तेच कळेना, मग राग गेला.

बाबांना सगळं सांगितलं. लपवाछपवी मला जमणार नाही आणि मला ती पुन्हा या घरात नको आहे. मी म्हटलं की आतोबा येणार आहेत, गाडी दोन इंच उंच होणार आहे, आणि तुम्ही त्यात बसून डायलिसिसला जाणार आहात. तुम्हाला पटो न पटो. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. काल केंद्रातून परतताना, ओढा ओलांडल्यावर, खिडकीतून बाहेर बघत म्हणाले की माझ्या शेडमधले पाने त्याला वापरू देणार नाही, त्याला म्हणावं स्वतःचे आण.

तेव्हा स्वतःचे पाने घेऊन या. चोवीस तारखेच्या बसला मी तुम्हाला घ्यायला येते. पाठीमागच्या खोलीत अंथरूण घालते. कळावे, आणि लोभाचं मला ठरवायला सांगू नका, तो तुमच्याविषयी आधीपासूनचा आहे.

सेलेस्तिना


ला होया सेका
रविवार, २४ मार्च १९९६

ती. स्व. आतोबा यांस,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही सुखरूप पोचलात हे ग्रासिएलानं कळवलं. तुम्ही जाऊन दोन आठवडे झाले, आणि घरात हातोड्याचा आवाज नाही म्हणून करमत नाही असं मी बाबांना म्हटलं. मला करमतं, असं म्हणाले. पण तुम्ही सोडून गेलेली तेलकट टोपी त्यांनी शेडमध्ये खिळ्याला लावून ठेवली आहे. मी विचारलं नाही.

पहिले तीन दिवस मला वाटलं होतं, हे दोघं माझ्यामार्फतच बोलत राहणार. तुम्ही गाडीखाली, ते खुर्चीवर, आणि मध्ये मी टपाल्यासारखी. त्याला सांग डावी बाजू अंगठाभर खाली आहे. त्याला सांग अंगठा कुणाचा ते आधी ठरव. चौथ्या दिवशी मी शाळेतून आले तर तुम्ही दोघं समोरासमोर ओरडत होतात, स्प्रिंगवरून. मला इतकं बरं वाटलं की मी परत फाटकाबाहेर जाऊन पाच मिनिटं उभी राहिले. डावी बाजू खरंच खाली होती, हे तुम्ही मान्य केलंत तेव्हा बाबांनी स्वतःचा पाना तुमच्या हातात दिला. त्या संध्याकाळी पथ्य मोडून तीन बटाटे चोरून खाल्ले त्यांनी. डॉक्टरला रक्तात दिसलेच.

वाळूची पोती मागं टाकून तुम्ही मला त्या वळणावरून तीस वेळा खाली आणलंत. तेव्हा शेजारी बसून तुम्ही दांडा किती घट्ट धरला होता ते मी पाहिलं. तुम्ही एकदाही डोळे मिटले नाहीत, तेही पाहिलं.

आता बातमी. गेल्या गुरुवारी बर्फ एकदम वितळलं. सकाळी ओढ्याशी गेलो तर पाणी तपकिरी, आणि तुम्ही खडकावर रंगवलेल्या लाल रेघेच्या चार बोटं वर. मी गाडी थांबवली. खरं सांगते, मनात आलं की आता उंच आहे, लॉक आहे, जाईल. बाबांच्या पायांना सूज दिसत होती. इंजिन चालू ठेवून मी बसले. मग वळवली. रेघ म्हणजे रेघ, असं तुम्ही मला वदवून घेतलं होतं. घरी येऊन केंद्राला फोन केला, त्यांनी शुक्रवारची खुर्ची दिली. दिवसभर त्यांना पाणी मोजून दिलं, मीठ लपवलं. ते चिडले नाहीत याचीच मला भीती वाटत होती.

शुक्रवारी सकाळी पाणी रेघेखाली हातभर. आधी काठी घेऊन मी चालत गेले, तळ बघितला, परत आले. पहिला गिअर. पायरीवरून पुढची चाकं उतरली, खालचा पत्रा खडकाला एकदा घासला, मग पलीकडच्या चढणीवर मागचं उजवं चाक चिखलात सुटलं आणि डाव्यानं धरलं. मला सीटमधून ते धरणं जाणवलं. वर आलो. बाबांनी एवढंच सांगितलं की खिडकी बंद कर, थंडी येते.

तिथं पोचल्यावर मी मदतीला जाण्याआधी ते पायरीवरून स्वतः उतरले.

रस्त्याच्या कचेरीत सोमवारी पुन्हा जाणार आहे. खडकावर सिमेंटचा उतार हवा आहे मला, आणि या वेळी ओनेसिमोसह अकरा घरांच्या सह्या घेऊन जाते. गाडी उंच झाली म्हणून रस्ता सोडून देणार नाही.

कळावे. आशीर्वाद असू द्या, टोपी न्यायला या.

सेलेस्तिना


ला होया सेका
१४ एप्रिल १९९६

एलिसेओ,
स. न. वि. वि. असं लिहायचं असतं, म्हणून लिहिलं.

पोरगी बाहेर कोंबड्यांपाशी आहे. ती यायच्या आत संपवतो.

जानेवारीत दवाखान्यात पडलो होतो तेव्हा मी एका कागदावर सही केली. ईस्टर झाला की डायलिसिस बंद, असं. डॉक्टरनं दोनदा विचारलं, मी दोनदा हो म्हणालो. सेलेस्तिनाला सांगायचं नाही असंही लिहून घेतलं. दर वेळी तिला त्या ओढ्यात उतरताना बघायचं, आणि आपल्यापायी एक दिवस ती तिथंच राहील हे मनात धरून बसायचं, ते मला नको होतं. आदेलाइदाला मी त्या वळणावर ज्या अवस्थेत पाहिलं, ते मला पुन्हा कुणाचं बघायचं नव्हतं. तू येणार म्हटल्यावर मी गप्प बसलो ते यासाठी. वाटलं, ईस्टरपर्यंतचाच प्रश्न आहे, करू दे काय करायचं ते.

मग त्या गुरुवारी तिनं गाडी वळवली. तिच्या जागी मी असतो तर पाण्यात घातली असती. तूही घातली असतीस. तिनं घातली नाही.

ईस्टर मागच्या रविवारी झाला. काल शनिवारी डॉक्टरनं तो कागद काढला आणि काय करायचं विचारलं. मी फाडा म्हणालो. त्यानं माझ्यासमोर फाडला. हे तुला कळावं म्हणून लिहिलं, तिला नको.

आदेलाइदा जायच्या आधीच्या वर्षी माझ्याकडे आली होती. एलिसेओला एकदा घरी बोलव, असं म्हणाली. मी उद्या बघू म्हणालो. ती निघून गेली, फाटकापर्यंत तिला वेळ लागायचा, मी खिडकीतून बघत राहिलो, हाक मारली नाही.

मे महिन्यात तिच्या कबरीचा कठडा रंगवतो मी दरवर्षी. आता खाली वाकवत नाही, खालच्या पट्ट्या तू घे, वरच्या मी घेतो.

प्रोकोपिओ